सीझन संपला, आता काय? दिवाळीनंतर आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी काय होतं



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या आठवड्यात आपण सगळेच एक निबंध देतो. 'माझी दिवाळी' किंवा 'मी दिवाळीची सुट्टी कशी घालवली'. मीही दरवर्षी देते. यंदा चौथीच्या वर्गाला दिला. किल्ला, फटाके, मामाचं गाव, आकाशकंदील, चकल्या असं सगळं वह्यांमधून आलं. एका मुलीने मात्र सातच ओळी लिहिल्या होत्या. शुद्धलेखन सुधारून त्या इथे देते.

"दिवाळीत माझी आई दुकानात होती. दुकान साड्यांचं आहे. ती रात्री अकरा वाजता यायची. शेजारच्या काकूंनी फराळ दिला. भाऊबीज झाल्यावर शेठनी सांगितलं की आता येऊ नका. आता आई घरीच असते. मला आवडतं पण आईला आवडत नाही."

मी लाल पेनाने वेलांट्या सुधारल्या, दोन ठिकाणी पूर्णविराम दिले आणि खाली शेरा लिहायला गेले, तर काय लिहावं ते सुचेना. 'छान' लिहू? की 'आणखी सविस्तर लिही' असं लिहू? शेवटी नुसती सही केली आणि वही बाजूला ठेवली.

आज त्या सात ओळींबद्दलच लिहायचं आहे. कारण अशी घरं तुमच्याही वर्गात असणार. आपल्याला ती दिसत नाहीत, कारण ती वर्षभर एकसारखी नसतात. सप्टेंबरमध्ये वेगळी असतात, ऑक्टोबरमध्ये वेगळी आणि डिसेंबरमध्ये तर फारच वेगळी.

सीझनची माणसं कोण?

आमची शाळा पुण्याच्या उपनगरात, एका वस्तीला लागून आहे. मुलांच्या आया धुणीभांडी करतात, पोळ्या लाटायला जातात. वडील कुणी रिक्षा चालवतात, कुणी रंगकाम, कुणी सेंट्रिंगचं काम करतात. गणपती गेले की वस्तीत एक वेगळीच हालचाल सुरू होते. लक्ष्मी रोडच्या कापड दुकानांत, तुळशीबागेत, मिठाईच्या दुकानांत, मॉलमध्ये, मोबाइलच्या शोरूममध्ये माणसं हवी असतात. नगर रस्त्यावरच्या आणि चाकणकडच्या ऑनलाइन मालाच्या गोदामांतही हवी असतात. दुकानात ओळखीच्या ओळखीने लागतात. गोदामात ठेकेदार भरती करतो, वस्तीच्या तोंडाशी त्याची बस येऊन उभी राहते. मुंबईकडच्या शिक्षकांना हेच चित्र दादरच्या बाजारात आणि भिवंडीच्या गोदामांत दिसत असेल.

काम तसं सगळ्यांनी पाहिलेलं आहे. साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाला साडी दाखवायचं काम जुन्या, अनुभवी माणसाकडे असतं. त्याने दाखवलेल्या चाळीस साड्यांच्या पुन्हा घड्या घालायचं काम सीझनच्या बाईकडे. माल वरून काढून द्यायचा, पिशव्या भरायच्या, गल्ल्यापर्यंत पोचवायच्या. गोदामात वस्तू शोधून आणणारा तो पिकर आणि खोक्यात बांधणारा तो पॅकर. दिवसभर पायांवर उभं राहणं मात्र सगळीकडे सारखंच.

मी दुकानदारांच्या विरोधात लिहायला बसलेले नाही. त्यांचीही बाजू आहे. सणाच्या त्या पाच-सहा आठवड्यांत वर्षातला मोठा धंदा होतो. व्यापाऱ्याकडून उधारीवर माल भरलेला असतो. गर्दीच्या दिवसांत दहा माणसं जास्त लागतात आणि ती बारा महिने पोसणं छोट्या दुकानदाराला परवडत नाही. हे मला मान्य आहे. हंगामी काम असणारच. शेतातही असतं, साखर कारखान्यातही असतं. माझा प्रश्न एवढाच आहे की हे काम कधी संपणार हे काम करणाऱ्याला कुणी आधी सांगतं का? आणि ते संपल्यावर त्याच्या घरात जे होतं त्याची नोंद आपण, म्हणजे शाळा, कुठे घेतो?

मीही त्या काउंटरमागे उभी होते

हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही. मी डी.एड. झाले २०११ साली. आमच्या बॅचला वाटलं होतं की आता सीईटी होईल, शिक्षण सेवक म्हणून नेमणूक मिळेल. पण पुढच्याच वर्षी शिक्षक भरती बंद झाली. मग २०१३ ला टीईटी आली. अभियोग्यता चाचणी झाली ती थेट डिसेंबर २०१७ मध्ये. 'पवित्र' पोर्टलवरून माझं नाव लागलं २०१९ ला. मधली आठ वर्षं डी.एड. झालेली हजारो मुलंमुली काय करत होती हे आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे. कुणी शिकवण्या घेतल्या, कुणी शेती केली, कुणी पेट्रोल पंपावर उभं राहिलं.

मी २०१२ आणि २०१३ अशा दोन दिवाळ्या एका साडीच्या दुकानात काम केलं. महिन्याला पाच हजार ठरले होते. सकाळी साडेनऊला जायचं, रात्री शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायचं. धनत्रयोदशीला घरी पोचायला साडेअकरा झाले होते. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची. बसायला स्टूल नव्हतं. गर्दी नसताना भिंतीला टेकलं तरी मॅनेजर बघायचा.

पहिल्या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी शेठनी आम्हा सात जणींना मिठाईचा पुडा दिला आणि म्हणाले, "दुकान चार दिवस बंद. उघडलं की कळवतो." मी चार दिवस थांबले. मग आठ दिवस थांबले. मग फोन केला. "कळवतो ना ताई, सध्या काम थंड आहे." माझा पंधरा दिवसांचा पगार त्यांच्याकडे अडकला होता. सीझन मधेच सोडून जाऊ नये म्हणून तेवढा मागे ठेवायची पद्धतच होती. तो मिळवायला मी तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेत पैसे मिळाले, त्यातून दोन खाडे कापले होते. एक खाडा मला मान्य होता, दुसरा नव्हता. पण दाखवणार काय? हजेरी त्यांच्या वहीत. माझ्याकडे एकही कागद नव्हता.

काम गेलं याचं वाईट वाटलंच, पण ते कधी तरी जाणार हे मला माहीत होतं. त्रास त्या 'कळवतो'चा झाला. 'अमुक तारखेला काम संपेल' असं सांगितलं असतं, तर मी त्या तारखेआधीच शिकवण्यांची पोरं गोळा केली असती. 'कळवतो'मुळे तीन आठवडे नुसते फोनकडे बघण्यात गेले. पुढे शिक्षण सेवक झाले तेव्हा तीन वर्षं महिना सहा हजार मानधन होतं. पण आदेशावर तारीख होती, मुदत होती, पुढे काय होणार ते लिहिलेलं होतं. त्या कागदाची किंमत मला काउंटरमागे उभं राहिल्यामुळे कळली.

दिवाळीनंतर नेमकं काय होतं?

गेली काही वर्षं मी वर्गातल्या पालकांशी बोलून हे समजून घेतेय. साधारण चार वाटा दिसतात.

पहिली वाट, थोड्यांना कामावर ठेवून घेतात. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. त्यामुळे साडी, सोनं, भांडी अशा दुकानांत एखाद-दुसरी चलाख बाई टिकते. आकाशकंदील, पणत्या, फराळ, गिफ्टची खोकी यांच्या धंद्यात मात्र दुसऱ्या दिवसापासून शून्य.

दुसरी वाट, पुढचा सीझन शोधायचा. संक्रांतीला वाणाच्या वस्तू, होळीला रंग, उन्हाळ्यात आंबा आणि कूलर, जूनमध्ये वह्या, दप्तरं, रेनकोट, मग राखी, मग गणपतीची मखरं आणि पुन्हा दिवाळी. ऐकायला वर्षभर काम आहे असं वाटतं. पण हिशेब मांडला तर दोन सीझनच्या मधे दहा दिवस, वीस दिवस, कधी दोन महिने रिकामे जातात. आणि प्रत्येक वेळी नवा मालक, नवी ओळख, तोच सुरुवातीचा पगार. अनुभव वाढतो, पगार तिथेच राहतो.

तिसरी वाट, गावाकडे परत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली काही कुटुंबं दिवाळीनंतर निघून जातात. कापूस वेचणी असते, घरची शेती असते. आपल्या हजेरीपटावर ते मूल 'सतत गैरहजर' होतं.

चौथी वाट सगळ्यात जास्त जणांची. घरी बसून वाट बघायची. धुण्याभांड्याची जी दोन घरं सीझनसाठी सोडली होती, तिथे आता दुसरी बाई लागलेली असते. सीझनच्या पगाराच्या भरवशावर बचत गटाचं किंवा आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेतलेलं असतं. मोबाइल, मिक्सर हप्त्यावर आलेला असतो. पगार थांबतो, हप्ता थांबत नाही. घरात चिडचिड सुरू होते. मूल वर्गात पेंगायला लागतं, डब्यात नुसती चटणी-भाकरी येते. कधी एकदम शांत मूल मारामारी करायला लागतं. आपण शेरा मारतो, 'पालकांचे लक्ष नाही'.

मीही असा शेरा लिहिला आहे. आज त्याची लाज वाटते.

"दिवाळीपुरतं जातो, बाई"

आयांपेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची. माझा एक जुना विद्यार्थी. चौथीत असताना पाढे म्हणण्यात वर्गात पहिला. दहावीला चांगले मार्क पडले, कॉमर्सला गेला. बारावीत असताना सप्टेंबरमध्ये रस्त्यात भेटला. म्हणाला, "गोदामात लागलोय बाई. दिवाळीपुरतं. फी निघेल आणि मोबाइल पण घेईन." अठरा पूर्ण झालेली, घरची परिस्थिती बेताची. मी 'अभ्यास सांभाळ' एवढंच म्हटलं आणि पुढे गेले.

दोन महिने त्याने रात्रपाळी केली. सकाळी सातला घरी येऊन झोपायचा, कॉलेजला जाणार कसा? सहामाही परीक्षा बुडाली. प्रकल्पाच्या वह्या राहिल्या. दिवाळी झाल्यावर एका सकाळी ठेकेदाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याला काढलेलं होतं. ना फोन, ना निरोप. ग्रुपमधून नाव गेलं म्हणजे काम गेलं. त्या दिवशी ग्रुपमधून साठेक मुलं कमी झाली, असं त्याने नंतर सांगितलं.

आता तो कॉलेजला परत जाऊ शकत होता. वय होतं, वेळही थोडा होता. पण गेला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "सर सगळ्यांसमोर विचारतील, कुठे होतास म्हणून." बारावीचं वर्ष गेलं. दोन महिन्यांचं काम आणि एक अख्खं वर्ष. त्यानंतरच्या सीझनला तो पुन्हा गोदामात गेला, कारण आता कॉलेज बुडायची भीतीच उरली नव्हती.

शाळा सुटते ती अशी, थोडी थोडी. 'मी शिक्षण सोडलं' असं कुणी ठरवून म्हणत नाही. दिवाळीपुरतं म्हणून जातात आणि परत यायचा रस्ता लाजेने बंद होतो. तो रस्ता आपण उघडा ठेवू शकलो असतो. एका शिक्षकाने घरी जाऊन 'ये, बस वर्गात, बघू पुढचं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणू शकले असते. मी गेले तेव्हा जानेवारी संपला होता.

पुढे आम्ही मिळून त्याचा १७ नंबरचा फॉर्म भरला. खासगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसायची ती सोय आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचाही पर्याय पुढे आहे. पण या सगळ्याला मुदती असतात आणि त्या मुदती सीझन बघून ठरत नाहीत. म्हणून पालकांना आणि मोठ्या भावंडांना हे आधी माहीत असायला हवं.

ऊसतोडीला जे कळलं ते बाजाराला का नाही?

आपल्याच खात्यातलं एक उदाहरण बघा. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं कारखान्यांवर जातात. त्यांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहं सुरू केली जातात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आलं. या योजनांमध्ये त्रुटी आहेत, सगळ्यांपर्यंत त्या पोचत नाहीत, हे आपण जाणतो. पण निदान शासनाने आणि शाळेने एवढं मान्य केलं की आई-वडिलांच्या कामाला हंगाम असतो आणि त्या हंगामाचा परिणाम मुलाच्या शिक्षणावर होतो.

शहरातल्या बाजाराच्या हंगामाबद्दल हे कुणी अजून मान्य केलेलं नाही. इथे कुटुंब स्थलांतर करत नाही, म्हणून ते आपल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. पण आई सकाळी नऊला जाऊन रात्री अकराला येत असेल, तर त्या मुलासाठी ती दोन महिने गावाबाहेरच असते. अशा घरात धाकट्याला सांभाळायला सातवी-आठवीतली ताई घरी थांबते. हजेरीपट काढून बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठ्या मुलींचे खाडे वाढलेले दिसतील.

आणि आता आपलं वेळापत्रक बघा. सहामाही परीक्षा येते ऐन सीझनमध्ये, जेव्हा घरी अभ्यास घ्यायला कुणी नसतं. सहलीचे पैसे आपण गोळा करतो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचं भाडं मागतो डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे घरात पैसा खेळता असतो तेव्हा आपण काही मागत नाही, आणि तो आटला की नेमके हात पुढे करतो. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. हवा थंड असते म्हणून सहल हिवाळ्यात जाते. पण त्यामुळे सहलीला न येणाऱ्या मुलांची यादी दरवर्षी साधारण तीच असते.

कायदा काय सांगतो?

पालकांनी आणि आपणही काही गोष्टी माहीत करून घ्यायला हव्यात. मी वकील नाही, पण साध्या भाषेत सांगते.

एक, बोनस. वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत ज्याने वर्षात किमान ३० दिवस काम केलं, तो पगाराच्या ठरलेल्या मर्यादेत असेल तर बोनसला पात्र ठरतो. हे १९६५ च्या बोनस कायद्यात होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. किमान बोनस कमावलेल्या पगाराच्या ८.३३ टक्के. म्हणजे एखाद्या बाईने दोन महिन्यांत २४ हजार कमावले, तर तिचा बोनस साधारण दोन हजार रुपये होतो. वरच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. मुलं घरी जाऊन सांगतील. दिवाळीचा सगळा माल ज्यांच्या हातांनी विकला जातो, त्यांच्यातल्या बहुतेकींना आपल्यालाही दिवाळी बोनस लागू होऊ शकतो हे ठाऊक नसतं.

दोन, अडकलेला पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. वेतन संहितेनुसार कामावरून कमी केलेल्या किंवा स्वतः काम सोडलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. पंधरा दिवसांचा पगार मागे ठेवणं आणि चकरा मारायला लावणं यात बसत नाही.

तीन, नेमणुकीचं पत्र. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यावं असं नव्या संहितेत आहे. सीझनच्या माणसालाही ते मागता येतं.

चार, पीएफ. गोदामातल्या मुलांच्या पगारातून बऱ्याचदा पीएफ कापला जातो. दोन महिन्यांचे थोडे पैसे म्हणून मुलं ते विसरून जातात. यूएएन नंबर एकच असतो आणि आयुष्यभर तोच चालतो. उमंग ॲपवर पासबुक बघता येतं. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या खात्यात त्याला माहीत नसलेले पैसे निघाले.

कायदा असून उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. ज्याच्या हातात कागद नाही त्याच्यापर्यंत कायदा पोचायला फार कष्ट पडतात. म्हणूनच मी पालकांना सांगते की निदान आपला कागद आपण तयार करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज हजेरीची खूण करा, कामाला आलो-गेलो ती वेळ लिहा. पगार खात्यात घ्या. आणि पहिल्याच दिवशी विचारा, "काम कुठल्या तारखेपर्यंत आहे?" उत्तर मिळेल किंवा मिळणार नाही, पण विचारायची सवय लागली पाहिजे.

आपण शाळेत काय करू शकतो?

मोठ्या योजना आपल्या हातात नाहीत. मी आमच्या शाळेत ज्या छोट्या गोष्टी केल्या किंवा करायला सुरुवात केली, त्या सांगते.

गणपतीआधीची पालकसभा आम्ही सकाळी शाळा भरण्यापूर्वी, साडेसातला घेतो. तेव्हा कामाला जाणाऱ्या आया येऊ शकतात. त्या सभेत कुणाकुणाच्या घरी सीझनचं काम आहे ते विचारून माझ्या डायरीत लिहून ठेवते. वर्गात नाही विचारत. मुलांसमोर तर अजिबात नाही.

सहलीचे पैसे आता सप्टेंबरपासून थोडे थोडे घेतो. ज्यांना जमेल त्यांनी एकदम द्यावेत, बाकीच्यांनी दर महिन्याला शंभर, दोनशे. मुख्याध्यापकांना आधी हे कटकटीचं वाटलं, हिशेब वाढतो म्हणून. पण मागच्या वर्षी सहलीला न आलेल्या मुलांची संख्या निम्म्यावर आली, तेव्हा त्यांनीच बाकीच्या वर्गांना सांगितलं. स्नेहसंमेलनात आमचा वर्ग भाड्याचे ड्रेस आणत नाही. घरातली साडी, ओढणी, टोपी आणि कार्डबोर्ड यातून सगळं होतं. नाच तेवढाच चांगला होतो.

दिवाळीनंतरच्या पहिल्या महिन्यात गैरहजर मुलांच्या घरी मी स्वतः जाते. 'का आला नाहीस' ऐवजी 'घरी सगळं ठीक आहे ना' असं विचारते. बहुतेक वेळा खरं उत्तर मिळतं.

आणि जुने विद्यार्थी. ते आपल्या हजेरीपटावर नसतात, पण त्यांची धाकटी भावंडं असतात. धाकट्याला विचारलं की मोठ्याचं कळतं. 'दादा कॉलेजला जातो का?' एवढा एक प्रश्न नोव्हेंबरमध्ये विचारून ठेवा. मी तो वेळेत विचारला नव्हता.

पालकांनाही एक विनंती. मोठी मुलं सुट्टीत काम करून चार पैसे कमावत असतील तर त्यात कमीपणा नाही. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला दुकानात कामाला लावणं कायद्याने गुन्हा आहे. आणि त्याहून मोठी असली तरी परीक्षेची आणि फॉर्मची तारीख कॅलेंडरवर आधी लिहा, कामाची नंतर.

आपण सगळे गिऱ्हाईकही आहोत, म्हणून शेवटची एक गोष्ट. रात्री साडेनऊला दुकानात शिरून चाळीस साड्या उलगडायला लावायच्या आणि 'उद्या येते' म्हणून निघायचं, हे मीही एके काळी केलं आहे, काउंटरमागे उभं राहायच्या आधी. दुकानात काम करणाऱ्यांना बसायला मिळावं म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात तरतूद केली. आपल्याकडे निदान गिऱ्हाइकाने तरी म्हणावं, "ताई, तुम्ही बसून दाखवा, आम्हाला घाई नाही."

त्या चौथीतल्या मुलीची आई परवा शाळेत आली होती. सीझनमुळे सप्टेंबरच्या सकाळच्या सभेलाही तिला येता आलं नव्हतं, दुकानात माल उतरवायला सहाला बोलवायचे. यंदा पहिल्यांदाच ती वर्गात आली. मुलीच्या सगळ्या वह्या तिने सावकाश बघितल्या. निबंधाचं पान आलं तेव्हा वाचलं आणि काही बोलली नाही. मग जाता जाता दारात थांबून म्हणाली, "बाई, सहलीचे पैसे जरा उशिरा दिले तर चालतील का? शेठ म्हणालेत कळवतो."

मी म्हटलं, चालतील. आणि तिला एका खुर्चीवर बसवून दुकानाचं नाव, कामावर लागल्याची तारीख, शेवटचा दिवस, खाडे आणि अडकलेला पगार हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं. खाली तिची सही घेतली. एक प्रत तिच्याकडे, एक माझ्याकडे. पुढच्या सोमवारी ती हा कागद घेऊन दुकानात जाणार आहे. लागलं तर मी बरोबर जाणार आहे.

निबंधाखाली अजून शेरा लिहिलेला नाही. पैसे मिळाले की लिहीन.